घरटी हिशेब: आमची वाटचाल

नेदरलँड्समधली नगरपालिका आमच्याकडे येते ती एकच प्रश्न घेऊन. अमुक वस्ती घरं तापवण्याच्या गॅसवरून काढली, तर तिथल्या कुटुंबाच्या खिशातून महिन्याला किती जाणार? हा हिशेब मांडून देणं हेच आमच्या छोट्या फर्मचं काम. आमची वाटचाल म्हणजे त्या हिशेबात एकेक रकाना का वाढवावा लागला, त्याची हकिकत.

1959 मध्ये ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्तरेनला गॅस सापडला आणि पुढं घरोघरी त्याचे पाइप गेले. उपशामुळं जमीन हादरू लागली. 2012 मध्ये हाउझिंगेला 3.6 क्षमतेचा धक्का बसला. ऑक्टोबर 2023 मध्ये उपसा बंद झाला. त्याआधी, 2019 च्या हवामान करारानं नगरपालिकांवर जबाबदारी टाकली होती: कुठल्या वस्तीत हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र), कुठं गरम पाण्याचं सामायिक जाळं आणि साधारण कधी, याचा आराखडा 2021 अखेर तयार हवा.

त्यासाठी सरकारी नियोजन संस्थेनं वस्तीवार आकडे पुरवले, पण ते ‘राष्ट्रीय खर्चा’चे, म्हणजे कर आणि सबसिडी वगळून. देशाला कोणता पर्याय स्वस्त हे त्यातून कळतं. घरमालक मात्र कर भरतो, सबसिडी घेतो, कर्जाचा हप्ता फेडतो. म्हणून घराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पहिली चूक झाली गॅसच्या वापरात. इमारतींच्या सरकारी नोंदवहीतून बांधकामाचं वर्ष आणि क्षेत्रफळ मिळतं, ऊर्जा-लेबलही मिळतं. लेबलवरून वापर काढणं सोपं वाटतं, पण तो आकडा फसवतो. ‘G’ म्हणजे सगळ्यात खालच्या लेबलच्या, वारा शिरणाऱ्या घरात माणसं एकच खोली तापवतात आणि स्वेटर घालून बसतात. सूत्र सांगतं त्यापेक्षा गॅस बराच कमी जळतो. जो जळतच नाही तो वाचणार कुठून? आता वितरण कंपन्या पोस्टकोडनुसार प्रसिद्ध करतात तो मोजलेला वापर आम्ही आधार धरतो आणि क्षेत्रफळाप्रमाणं घरांवर वाटतो.

एक ओळ उलगडून दाखवतो. वर्षाला 1,200 घनमीटर गॅस जाळणारं रांगेतलं घर घ्या. त्यातले 900 खोल्यांना, 260 अंघोळीच्या पाण्याला, 40 स्वयंपाकाला. एका घनमीटरमध्ये 9.77 युनिट ऊर्जा असते. बॉयलरमधली घट जाता खोल्यांना 8.8 आणि पाण्याला 7 च्या आसपास मिळतात. हीट पंपानं एका युनिट विजेत खोल्यांसाठी 4 आणि पाण्यासाठी 2.4 युनिट उष्णता दिली, तर इंडक्शन शेगडी धरून वर्षाला साधारण 2,900 युनिट वीज लागते. 2023 चे सरकारी कमाल दर, गॅस 1.45 युरो आणि वीज 0.40 युरो, लावले की 1,740 युरोंचं बिल 1,160 वर येतं. शिवाय गॅसचा स्थिर आकार सुटतो, जसा आपल्या महावितरणच्या बिलात असतो तसाच. तो वर्षाला 200 युरो धरला तर महिन्याला 65 युरो वाचतात. (विजेचा तो कमाल दर वर्षाला 2,900 युनिटपर्यंतच होता, दिवे-फ्रिज सगळं धरून. हीट पंपाच्या घरांवर तो अन्यायच होता.)

आता महिन्याचा हप्ता. या बदलाच्या खर्चातून सबसिडी जाऊन 12,000 युरो उरले आणि ते 15 वर्षांत फेडायचे. राष्ट्रीय उष्णता निधी वर्षाला 60,000 युरोंहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बिनव्याजी कर्ज देतो, तेव्हा हप्ता 67. चार टक्के व्याज लागलं की 89. नाहीतरी 2,400 युरोंचा नवा बॉयलर घ्यावाच लागला असता. त्याचा हप्ता वजा केला की उरतात 54 आणि 71. म्हणजे एक कुटुंब महिन्याला 11 युरो कमावतं आणि भिंतीपलीकडचा शेजारी 6 युरो गमावतो. सरासरी काढली तर दोघंही दिसेनासे होतात. म्हणून आम्ही सरासरी पहिल्या पानावर छापत नाही. किती घरांचा खर्च वाढतो, हा आकडा आधी.

सगळ्यात नाजूक रकाना रेडिएटरमधल्या पाण्याच्या तापमानाचा. 35 अंशांवर घर ऊबदार राहत असेल तरच तो 4 चा आकडा खरा. 55 लागले आणि तो 3 वर आला, की वर्षाला 660 युनिट जास्त, म्हणजे महिन्याला 22 युरो, आणि वरची दोन्ही कुटुंबं तोट्यात. म्हणून आराखड्याआधी नगरपालिकेनं रहिवाशांकडून थंडीत एक चाचणी करून घ्यावी असा आमचा आग्रह असतो: बॉयलरचं पाणी 50 अंशांवर लावा आणि कडाक्याच्या दिवशी घर तापतं का ते पाहा. फुकटची चाचणी आहे, पण तिनं आमचे अंदाज जितके सुधारले तितके दुसऱ्या कशानं नाही.

इन्सुलेशनचा खर्चही दर चौरस मीटरवर संपत नाही. साधारण 1920 ते 1975 च्या घरांच्या विटांच्या दोन भिंतींमध्ये पाच-सहा सेंटिमीटर पोकळी असते, इन्सुलेशन भरायचं ते तिथं. सांध्यात भोक पाडून कॅमेरा घालतात. आत सांडलेला चुना-रेती दिसली तर आधी साफसफाई. त्या पोकळीत वटवाघळंही राहतात. 2023 च्या न्यायालयीन निकालानंतर भिंत भरण्याआधी त्यांची पाहणी लागते. ती एकेका घराची वेगळी केली तर परवडत नाही. नगरपालिकेनं पूर्ण गावाची एकदम केली तर रहिवाशाच्या डोक्यावरचा भार उतरतो. आमच्या तक्त्यात हा खर्च नगरपालिकेच्या बाजूला लिहिलेला असतो.

मीटरच्या कपाटाचं तसंच. जुन्या घरात एक फेज असतो. पंप आणि इंडक्शन मिळून बहुधा 25 अँपिअरचे तीन फेज लागतात. त्यापुढं 35 वर गेलात तर वर्षाचा स्थिर आकार एकदम उडी मारतो.

सामायिक जाळ्याचं गणित उलटं चालतं. तिथं स्थिर आकार मोठा, त्यामुळं वर्षाला 500 घनमीटर जाळणारी एकटी आजी आणि पाच जणांचं कुटुंब तो सारखाच भरतात. कमी वापराच्या घरांची ओळ आम्ही वेगळी काढतो. नगरपालिकेनं मदत कुणाला द्यायची ते तिथंच ठरतं.

1 जानेवारी 2027 पासून छतावरच्या सौरविजेची वर्षभराची वजावट बंद होते. उन्हाळ्यातलं युनिट हिवाळ्यातल्या पंपाला जमेस धरता येणार नाही, त्यामुळं सौर पॅनेल असलेल्या प्रत्येक घराची ओळ नव्यानं मांडायचं काम सध्या चालू आहे.