सांगितलं होतं ना

२०२२ चा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे लग्नपत्रिकांचा हंगाम तोंडावर. सकाळी पावणेआठला गावभागातल्या काकूंचा फोन आला. "अरे, एक पत्रिका उघडेल तर शपथ! सगळ्या फायलींची चित्रं पांढरी पडलीत. लवकर ये बाबा."

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काकू घरबसल्या डीटीपी करतात. पत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सगळं त्या एकाच मशीनवर. वर्षभरापूर्वी मी त्यांना अँटिव्हायरस घ्या म्हणून दोनदा सुचवलं होतं. "विंडोजमध्ये असतं की फुकटचं," म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. खरं सांगायचं तर अँटिव्हायरसच्या प्रत्येक डब्यामागे मला कमिशन सुटतं, त्यामुळे माझं मत अगदी सोवळं नव्हतं. त्या दिवशी निघताना मी एक डबा पिशवीत टाकला आणि "सांगितलं होतं ना, काकू" हे वाक्य जिभेवर तयार ठेवलं.

मशीन पाहिलं आणि पोटात गोळा आला. प्रत्येक फायलीच्या नावाला चार अक्षरांचं निरर्थक शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्म्यात, ४९० मध्ये काम होईल. दिवाळीच्या सेलसारखी सवलत! आपल्याकडचे सुमारे चाळीस हजार. हा 'स्टॉप-डीजेव्हीयू' घराण्यातला रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. २०१८ पासून फिरतो आहे, आणि मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती मशीनवाल्यांनाच जास्त गाठतो.

चिठ्ठीच्या तळाशी एक आयडी असतो. तो 'टी-वन'वर संपला असता, तर थोडी आशा होती. या प्रोग्रामला गुन्हेगारांच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, तर तो आपल्या पोटातली ठरावीक किल्ली वापरतो, आणि तशी किल्ली कधीतरी हाती लागली की एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत टूलने फायली सुटतात. काकूंचा आयडी तसा नव्हता. एरवी रात्री हमखास झोपणारं इंटरनेट नेमकं त्या रात्री जागं होतं, आणि सर्व्हरने काकूंसाठी वेगळी किल्ली पाठवली होती.

आता जिभेवरचं वाक्य बाहेर काढायला हरकत नव्हती. पण हे आलं कुठून, ते आधी पाहावं म्हणून विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात डिफेंडरची, म्हणजे विंडोजमधल्या त्या फुकटच्या अँटिव्हायरसची, स्वतंत्र नोंदवही असते. फारसं कुणी ती वाचत नाही. मीही इतक्या वर्षांत क्वचितच वाचली होती.

रात्री ११:३८. नोंद १११६, घातक फाइल सापडली. लगेच १११७, फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोंडून, टाकली. ११:४३, तीच फाइल, तीच कारवाई. ११:४७, तिसऱ्यांदा तेच. मग ११:५१, नोंद ५००१: रिअल-टाइम संरक्षण बंद करण्यात आलं. पुढचे चार तास सामसूम. पहाटे विंडोजने संरक्षण आपणहून पुन्हा चालू केलं आणि डिफेंडरने तीच फाइल चौथ्यांदा पकडली. तोवर आत राहिलं होतं काय!

पोलीस चौकीतल्या हवालदाराने तीनदा चोर पकडून द्यावा, घरच्यांनीच "सोडा हो त्याला" म्हणावं आणि वर हवालदारालाही चहा प्यायला पाठवावं, तसं सगळं. माझं वाक्य मी गिळलं.

दारात काकूंचा मुलगा उभा होता. बारावीतला. त्याला काही विचारावं लागलं नाही. हल्ली गिऱ्हाइकांना छापील पत्रिकेबरोबर व्हॉट्सअॅपसाठी निमंत्रणाचा व्हिडिओही हवा असतो. त्यासाठीचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून त्याने 'क्रॅक', म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, उतरवला होता. आईचं काम वाढावं म्हणून. झिप फाइलला पासवर्ड होता १२३४. कुलूपबंद झिपच्या आत कुठल्याच अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, पासवर्ड असतो तो त्यासाठीच. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ: इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून व्हायरस समजतो.

"दादा, सगळीकडे असंच लिहिलेलं असतं," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो.

मला प्रश्न पडला, माझ्या पिशवीतला डबा या मशीनवर असता तर काय झालं असतं? बहुधा त्यानेही पकडलं असतं. मग मुलाने घड्याळाशेजारच्या चिन्हावर राइट क्लिक करून त्यालाही तासभर गप्प केलं असतं. आणि विकतचं अँटिव्हायरस टाकलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे त्या मशीनवर दुसरा पहारेकरी नसताच. डिफेंडरचं 'टॅम्पर प्रोटेक्शन' बाहेरच्या प्रोग्रामला त्याच्या सेटिंगना हात लावू देत नाही. सेटिंगमध्ये जाऊन घरचाच माणूस बटण दाबतो, तेव्हा त्याचा इलाज चालत नाही.

डिफेंडरला नाक मुरडायची माझी सवय पेनड्राइव्हमधल्या शॉर्टकट व्हायरसच्या जमान्यातली. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर बघायचा, पूर्ण अँटिव्हायरस तो झाला २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. पुढे २०१९ पासून जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांत त्याला कितीदा तरी पैकीच्या पैकी गुण मिळाले. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना ते आठवायचं नाही, एवढंच. अडचणीच्या वेळी मराठीत बोलणारं कुणी फोनवर हवं म्हणून कुणी पैसे मोजत असेल, तर जरूर मोजावेत. पण नुसती भीती दाखवून मी किती डबे खपवले, ते माझं मला माहीत.

मशीनची नेटची वायर मी आल्याबरोबर काढलीच होती. या रॅन्समवेअरबरोबर अनेकदा ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा जोडीदारही येतो, म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड काकूंच्या फोनवरून बदलायला लावले. विंडोजच्या आपोआप होणाऱ्या प्रती या प्रोग्रामने पुसल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. घाईत असतो म्हणून तो प्रत्येक फायलीचे फक्त पहिले दीडशे केबी बिघडवतो. त्यामुळे मुलाने काढलेले काही मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्यासारखे होते. पत्रिकेची फाइल मात्र एवढीएवढीशी, तिचा प्राणच त्या दीडशे केबीत.

"कुठे दुसरी प्रत आहे का काकू? सीडी, पेनड्राइव्ह, काहीही?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग उठून आत गेल्या. माळ्यावर भांड्यांची खडखड झाली. चकलीचा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आल्या. आत तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्याच्या आदल्या दिवसांत काकूंनी सगळं काम या डिस्कवर उतरवलं होतं आणि डबा पोटाशी धरून विश्रामबागेत बहिणीकडे गेल्या होत्या. पूर ओसरल्यावर डबा माळ्यावर गेला, तो तिथेच राहिला.

दुकानातल्या मशीनवर डिस्क लावली. चालली! ऑगस्ट २०१९ पर्यंतचं सगळं जसंच्या तसं. पुढची तीन वर्षं गेली.

दुपारी मशीन फॉरमॅट केलं. मुलाचं वेगळं खातं बनवलं, ज्यातून आईच्या पासवर्डशिवाय काही इन्स्टॉल होणार नाही आणि डिफेंडरही बंद होणार नाही. अनोळखी प्रोग्रामना ठरावीक फोल्डरमधल्या फायली बदलू न देणारं डिफेंडरचं 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू केलं. ते मुळात बंदच असतं, आणि चालू केल्याकेल्या त्याने काकूंच्या कोरललाच फाइल सेव्ह करण्यापासून अडवलं. कोरलला वेगळी परवानगी द्यावी लागली. नवी हार्ड डिस्क दिली आणि दर शनिवारी प्रत काढून वायर सोडवायची, हे मुलाच्या अंगावर टाकलं.

"आणि ते विकतचं अँटिव्हायरस?" काकूंनी माझ्या पिशवीकडे बघत विचारलं. "आणलेलं दिसतंय."

"राहू दे काकू."

नऊ दिवसांवर एक लग्न होतं. त्या पत्रिकेची फाइल गेली होती, पण गिऱ्हाइकाला दाखवलेलं छापील प्रूफ टेबलावर होतं. मी वायरी आवरत होतो तेव्हा मुलगा प्रूफ हातात धरून मजकूर वाचत होता आणि काकू टाइप करत होत्या. "चि. सौ. कां.," तो म्हणाला.

"टिंब सांग की रे 'कां'वरचं," काकू म्हणाल्या. "आणि सावकाश वाच."