पिंगळ्यावरचे पट्टे गेले, आता वेळ बदलायची

पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, रस्त्यावरच्या दिव्याखाली टिपला की फोटोवर आडवे काळपट पट्टे येत होते; गेल्या नोंदीतला तो प्रश्न सुटला. गोरेगाव पूर्वेच्या घुबड कार्यशाळेच्या दुसऱ्या फेरीत पिंगळ्याच्या चौदा फ्रेम एकाही पट्ट्याशिवाय मिळाल्या. पहिल्या फेरीतल्या, सायलेंट (बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर १/५०० सेकंदाने काढलेल्या सगळ्या बाद झाल्या होत्या. पांढऱ्या भुवया उजळ, नेमका डोळ्यांवरून काळपट आडवा पट्टा, खाली छाती पुन्हा उजळ. रॉ फाइलमध्ये एकेक पट्टा ब्रशने उचलून पाहिला, पण पट्ट्यागणिक रंगही बदलतो. ते दुरुस्त होत नाही, नाद सोडा.

शंका आधी सेन्सरवर होती, मग मेमरी कार्डावर. खरं कारण रस्त्यावरचा एलईडी दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असलेला दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. एक फेरा १० मिलिसेकंदांचा. सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि १/५०० ला प्रत्येक ओळ जेमतेम २ मिलिसेकंद उजेड घेते. काही ओळी दिवा तेज असताना भरतात, काही मंद असताना.

आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती वेगाने वाचला जातो ते मोजायची युक्ती फार उपयोगी ठरली. पिंगळा यायच्या आधी त्याच दिव्याखालची मोकळी भिंत सायलेंट शटरवर १/१००० ने टिपायची आणि फ्रेममधले काळे पट्टे मोजायचे. एक पट्टा म्हणजे १० मिलिसेकंद. तीन दिसले तर सेन्सर वाचायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, सहा दिसले तर ६०. पट्टे दाट आणि दोऱ्यासारखे बारीक असतील तर त्या दिव्याचा ड्रायव्हर जास्त फ्रीक्वेन्सीवर चालतो. त्याला खालचा उपाय लागू पडेलच असं नाही. दुसरा दिवा शोधा.

मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (दिवा तेज असतानाच शटर उघडणारी सोय) ही पहिली वाट. पट्टे जातात, पण १२ मीटरवरूनसुद्धा पहिल्या खटक्याला पिंगळा मान वळवून कॅमेऱ्याकडे रोखून बघतो आणि मग त्याचं किडे टिपणं थांबतं. त्याचं रात्रीचं जेवण मोडून मिळालेला फोटो नको. सायलेंटच हवं, म्हणजे राहिला १/१००. या वेगाला प्रत्येक ओळ दिव्याचा पूर्ण एक फेरा घेते, मग ती केव्हाही सुरू होवो. १/५० ला दोन फेरे, १/२५ ला चार. १/६० किंवा १/१२५ चालत नाही. तिथे पट्टे फिके होतात, जात नाहीत.

आता १५०-६०० मिमीची लेन्स, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि १/१००. इतक्या लांब लेन्सला हा वेग कमी, फोटो हलतो. इथेच सगळी मेहनत. हलण्याची कारणं एकेक करून काढली:

ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण खाली, सगळ्यात बारीक पाय आत. डांबरावर उभा करा, पेव्हर ब्लॉकवर नको. ब्लॉक डुगडुगतो आणि बाजूने रिक्षा गेली की कंप वर येतो. गिंबल (जड लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) किंचित घट्ट. डावा तळवा लेन्सवर, हूडच्या मागे, नुसतं वजन टाकून. शटरला बोट नाही, रिमोट. २ सेकंदांचा टायमर इथे निरुपयोगी, पिंगळा तेवढा थांबत नाही. उडायच्या किंवा झडप घालायच्या आधी तो मान खाली-वर करून अंतर जोखतो आणि मग क्षणभर स्थिर होतो. त्या क्षणी सलग चार-पाच फ्रेमचा बर्स्ट. चौदा चांगल्या फ्रेममागे शंभरेक गेल्या, हे प्रमाण धरूनच चला.

एवढं करूनही फ्रेम उभ्या दिशेने दुहेरी येत होत्या. लेन्सच्या पायाखालची, लेन्स ट्रायपॉडला जोडणारी स्वस्त आर्का प्लेट काढली तेव्हा कळलं: वरचं रबर मऊ, लेन्स त्यावर डोलते. रबर सोलून धातूवर धातू घट्ट आवळला आणि दुहेरीपणा गेला. रबराच्या प्लेटा घेऊ नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात दोन स्क्रूच्या, कड असलेल्या प्लेटा मिळतात, त्या लांब लेन्सला योग्य.

एक्सपोजर एफ/६.३, १/१००, आयएसओ ६४००. पक्षी दिव्यापासून तीनेक मीटरवरच्या केबलवर होता म्हणून एवढ्यावर भागलं. तोच सहा मीटरवर गेला की उजेड चौथाई, म्हणजे थेट २५६००. त्यामुळे पक्ष्यामागे फिरण्यापेक्षा दिव्याजवळची केबल निवडून तिथेच थांबणं बरं. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे तो येतोच. फोकस एकाच बिंदूने भुवई आणि डोळ्याच्या कडेवर, मागच्या बटणावर, आणि मग हात काढायचा. १२ मीटरवर ६०० मिमीला फोकसची खोली १० सेंमीच्या आसपास, २१ सेंमीच्या पक्ष्याला पुरते. व्हाइट बॅलन्स राखाडी कार्डावरून केल्व्हिनमध्ये पक्का. फ्लॅश नाही, हाकेची रेकॉर्डिंग नाही, ढोलीवर टॉर्च नाही.

चौदातली एक पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे: चोचीत पतंगाचा एकच पंख, कपाळावरचे ठिपके सुटे मोजता येतील इतके स्पष्ट, आणि दोन्ही पिवळ्या डोळ्यांत दिव्याचा एकेक चौकोनी कण.

पुढची पायरी म्हणून जास्त उजेड घेणारी ४०० मिमी एफ/२.८ लेन्स भाड्याने आणायचं ठरत होतं. पण चौदाही फ्रेममागचं आकाश ठार काळं आहे, आणि ते लेन्स बदलून सुधारणार नाही. दिवे सूर्यास्ताच्या सुमारास लागतात आणि पिंगळाही तेव्हाच ढोलीबाहेर येतो. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं आकाशाचा स्थिर उजेड दिव्यात मिसळतो. लुकलुक तेवढी पातळ होते, आयएसओ उतरतो, पार्श्वभूमी निळी मिळते. भाड्याची लेन्स रद्द. रात्री आठऐवजी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर, ट्रायपॉड केबलकडे लावून.

तानसा अभयारण्याची फेरीही वेगळी धरायला हवी. रानपिंगळा, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला आणि २०१४ मध्ये तानसात आढळलेला, दिवसा वावरतो. त्याला हा दिव्याचा हिशोब लागूच नाही, तिथे १/८०० आणि सकाळचं ऊन.

गोरेगावचं झाड नेमकं कुठलं ते लिहीत नाही. दिवाळीच्या सुमारास घुबडांची चोरटी विक्री वाढते. फोटो टाकतानाही जीपीएस काढून टाका. त्या जुन्या वर्षावृक्षाची ढोलीची फांदी वाळकी आहे. पावसाळ्याआधीच्या छाटणीत अशाच फांद्या आधी जातात, म्हणून तिथल्या सोसायटीशी आत्ताच बोलणं चालू आहे.