इंदूर ते रावेरखेडी आणि परत, एका दिवसात सायकलवर

रावेरखेडीहून पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत सायकलने जायचं, असं आम्ही नऊ जणांनी गणपतीत ठरवलं. जानेवारीच्या शेवटी निघायचं, पाच दिवसांत पोचायचं. आमच्यात खेळाडू म्हणावा असा कुणी नाही. एक काका बँकेतून निवृत्त झालेले, एक ताई शाळेत गणित शिकवतात, दोघं भाऊ कापडाच्या दुकानात बसतात, सगळ्यात धाकटा अजून कॉलेजात आहे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. त्यांनी मल्हाररावांवर माळवा सोपवला नसता तर आपली इंदुरातली घरं, वाडे, रामबाग काही नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करायची, यावर कुणाचं दुमत झालं नाही.

त्याआधी सरावाची शेवटची मोठी फेरी म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही इंदूर ते रावेरखेडी आणि त्याच दिवशी परत असं गेलो. माझ्या मीटरवर जाऊन-येऊन २१० किलोमीटर भरले. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायच्या लांब सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, थांबे धरून. आम्हीही तीच मुदत लावून घेतली. म्हणजे चहा, पंक्चर, फोटो, सगळं धरून ताशी पंधरा-साडेपंधरा पडले पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं.

पावणेपाचला राजवाड्यासमोरून निघालो. भंवरकुआं, तेजाजी नगर, मग खंडवा रोड. थंडी बोचरी होती. काकांनी निघण्यापूर्वी प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राचं एकेक पान दिलं आणि ते जॅकेटच्या आत छातीवर पसरायला लावलं. घाट उतरताना वारा थेट छातीत घुसतो आणि कागद तो अडवतो. खाली पोचल्यावर पान काढून घडी करून खिशात ठेवायचं. महागडं विंडशीटर घेण्याआधी हे करून बघा.

सिमरोलला सहाच्या आत पोचलो आणि तिथे मुद्दाम थांबलो. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि घाट अंधारात उतरायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. तुमच्याकडे कितीही झगझगीत दिवा असो, वळणावरची खडी त्यात दिसत नाही. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम निघाल्यापासून मुरूम आणि खडी कुठे पसरलेली असेल याचा नेम नाही. जाण्यापूर्वी आठवडाभरात त्या रस्त्याने गेलेल्या कुणाला तरी विचारूनच निघा.

इथे भूगोल नीट समजून घ्या, कारण साऱ्या दिवसाचा हिशेब त्यावर आहे. इंदूर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. नर्मदा त्याच्या साडेतीनशे-चारशे मीटर खाली. मध्ये विंध्याची कड. तुम्ही पुण्याहून सिंहगडावर जाता तेव्हा चढ आधी येतो आणि उतार बक्षीस म्हणून मिळतो. आपल्याकडे उलट. सकाळी ताजे पाय असताना उतार मिळतो, आणि दीडशे किलोमीटर झाल्यावर, दुपार कलताना, दोन घाट समोर उभे राहतात. एक बलवाड्याच्या वर भेरूघाट, दुसरा चोरल नदीपासून सिमरोलपर्यंतचा. मध्ये थोडी सपाटी लागते आणि चढून झालं असं वाटतं. झालेलं नसतं. सकाळी उतारावर जो वेग मिळतो तो उधारीचा असतो. पहिल्या साठ किलोमीटरात कुणी ताशी तीसने पळू लागला तर त्याला हाक मारून मागे घ्या. आम्ही धाकट्याला दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं नाही, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा, मागचा-पुढचा दोन्ही. दोन सायकलींत पाच-सहा सायकलींइतकं अंतर राहू द्या. पुढचा माणूस ओरडून सांगतो, ‘खड्डा!’, ‘खडी!’, आणि ते मागच्याने आपल्या मागच्याला सांगायचं. ही साखळी तुटली की कुणीतरी पडतो. भेरूबाबाच्या देवळापाशी ट्रकवाले थांबून हात जोडतात. आम्हीही थांबलो, जोडले. पुढचे लोक एकत्र यायला ती जागा बरी आहे.

आठला बडवाह. पोहे खाल्ले, पण भूक लागली म्हणून नाही. लांबच्या फेरीत भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे: एक केळं, दोन खजूर, शेंगदाण्याचा लाडू, गुळाचा खडा. ताईंनी हँडलला छोटी पिशवी बांधली होती आणि घड्याळात गजर लावला होता. गजर वाजला की त्या चालत्या सायकलवरच खायच्या आणि आम्हाला ओरडायच्या, ‘खा रे!’ आमच्या सगळ्यांत कमी दमलेलं माणूस संध्याकाळी त्याच होत्या.

मोरटक्क्याचा जुना रस्तापूल अरुंद आहे. त्यावर ओळीने, एकामागे एक, न थांबता जा. नर्मदामाईचं दर्शन घ्यायचं असेल तर पूल ओलांडून थांबा. सनावदला बाटल्या भरल्या आणि बेड्याच्या रस्त्याला लागलो. तिथून प्रदेश बदलतो. निमाड सुरू झाल्याचं हवेतच कळतं. अंगातलं जॅकेट काढावं लागतं, कापसाची वावरं दिसतात, आणि मग दोन्ही बाजूंना मिरची. वाळत घातलेल्या लाल मिरचीचे पट्टेच्या पट्टे, घराच्या अंगणाएवढे, शेताएवढे. बेड्याची मिरची मंडी फार मोठी आहे आणि हंगामात रस्ताभर मिरचीच्या पोत्यांचे ट्रक असतात. एक ट्रक ओलांडून गेला आणि आमची सगळी रांग ठसका लागून थांबली. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चश्मा आणि नाकावर बांधायला रुमाल, या दोन गोष्टी हाताशी ठेवा. बॅगेच्या तळाशी नको.

रावेरखेडीच्या चार किलोमीटर अलीकडे माझं मागचं चाक बसलं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमची वेळ इथेच गेली. मी ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, सात-आठ मिनिटांत निघालो. एक किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं. घाईत मी टायर आतून चाचपलाच नव्हता. दुसऱ्यांदा ताईंनी टायर हातात घेतला, आतून बोटांची टोकं हळूहळू फिरवली आणि एका जागी थांबल्या. बाभळीचा काटा, बाहेरून मोडलेला, आत तांदळाच्या कणीएवढं टोक. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं. चिमट्याने ओढून काढला. शेतरस्त्यांवर कुंपणाची बाभूळ छाटून टाकलेली असते, त्यामुळे हे होणारच. टायर बाहेरून बघून, आतून बोट फिरवून, मगच नवी ट्यूब घाला. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, पंप, ठिगळं आणि एक चिमटा हवा. आमच्या नऊ जणांत चिमटा एकच होता. अठरा मिनिटं गेली.

साडेदहाला बाजीरावांच्या समाधीपाशी पोचलो. नर्मदेच्या काठावर दगडी कोटाचं आवार आहे, आत चौथरा. आवाज नाही. खाली पाणी संथ, पलीकडचा काठ धुक्यात पुसट. पालखेडच्या मोहिमेबद्दल लहानपणी ऐकलेलं सगळं आठवलं, ती चाल, ते घोड्यावरच खाणंपिणं. वयाच्या चाळिशीच्या आत गेलेला माणूस. काका चौथऱ्याला डोकं टेकवून बराच वेळ तसेच राहिले. कुणी फोटो काढला नाही त्यांचा.

बाहेर परिक्रमावासी भेटले, सांगलीकडचं जोडपं. ओंकारेश्वराहून निघून त्यांचा चौथा दिवस होता. नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने ते पश्चिमेला चालले होते. काकूंच्या टाचेला मोठा फोड आला होता. ताईंनी आपल्या पेटीतली पट्टी काढून लावून दिली.

‘नर्मदे हर,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्ही कुठवर जाणार बाळांनो?’

‘आज परत इंदूर, काकू. जानेवारीत पुण्याला.’

‘सायकलवर? मग आमच्यापेक्षा लवकर पोचाल हो घरी.’ त्यांनी पिशवीतून दोन मुठी फुटाणे काढून ताईंच्या ओंजळीत घातले. घाटात तेच कामाला आले.

समाधीपाशी खाण्याची सोय धरून चालू नका. पाणी आणि खाऊ बरोबर आणा, सुट्टे पैसे ठेवा. साडेअकराला निघालंच पाहिजे. आम्ही निघालो.

परतीला सनावदला जेवलो, पोटभर नाही, अर्धवट. वरण-भातावर उठलेलं बरं. घाटाआधी पोट जड झालं की पाय चालत नाहीत. आमच्यापैकी दोघांनी दाल-बाफले चेपले आणि बडवाहपर्यंत त्यांना झोप आवरेना.

भेरूघाटाच्या पायथ्याशी साडेतीन वाजले होते. माझा सल्ला असा: घाट सुरू होण्यापूर्वीच सगळ्यात हलका गिअर टाका, पाय अडखळायला लागल्यावर नव्हे. मिनिटाला पेडलचे सत्तरच्या आसपास फेरे पडत राहिले पाहिजेत. मागच्या चकतीत ३२ दात असतील तर आमच्यासारख्या माणसाला तो घाट बसून चढता येतो. २५ दातांच्या चकतीवर दोघांना उतरून ढकलत यावं लागलं. घाटात गट एकत्र ठेवण्याचा हट्ट सोडा, प्रत्येकाला आपल्या चालीने चढू द्या, पण सगळ्यात शेवटच्या माणसाबरोबर एक अनुभवी माणूस ठेवा आणि वर सर्वांनी थांबा. सपाटीवर मात्र उलट. तिथे सगळ्यात दमलेल्याला दुसऱ्या नंबरवर, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला घ्या आणि पुढचा माणूस दर तीन-चार मिनिटांनी बदला.

सकाळी पळणारा धाकटा चोरलच्या पुढे, वरच्या वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बसला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे. चेहरा पांढरा पडलेला, बोलायला तयार नाही. काकांनी त्याचे बूट काढले, पंजा हळूच त्याच्याच दिशेला वाकवून धरला, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट पाजलं आणि काकूंचे फुटाणे खायला दिले. दहा मिनिटांनी तो उठला. बाकीचा घाट काका त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीने चढले आणि सारा वेळ आपल्या लहानपणच्या इंदुरातल्या गोष्टी सांगत राहिले. याच डोंगरातून पातालपानी-कालाकुंडची लहान गाडी जाते. होळकरांच्या काळात, तुकोजीराव दुसऱ्यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन ही लाइन आणवली आणि घाटात तिचा चढ चाळीसला एक ठेवला. चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. काका त्याला म्हणाले, ‘इंजिनालासुद्धा मागून दुसरं इंजिन लावतात रे इथे.’

सिमरोलला सव्वापाच. तिथे सगळ्यांनी दिवे लावले आणि चमकणारी जाकिटं चढवली. अंधार पडायची वाट बघू नका. संध्याकाळी खंडवा रोडवर शहराकडे येणारी गर्दी दाट असते, डंपर असतात, आणि दमलेल्या माणसाचं लक्ष याच शेवटच्या वीस किलोमीटरात उडतं. इथे गप्पा बंद, एक रांग, डावी कड.

राजवाड्याला सहा पस्तीसला पोचलो. तेरा तास पन्नास मिनिटं. मुदतीच्या वर वीस. त्यातली अठरा माझ्या काट्याची.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. आधी बारा आठवडे द्या. मंगळवार-गुरुवार सुपर कॉरिडॉरवर पहाटे तीस-चाळीस किलोमीटर, रविवारी लांब फेरी: साठ, ऐंशी, शंभर, असं वाढवत, आणि दर चौथ्या आठवड्याला अर्ध्यावर आणा. एक तरी रविवार सिमरोल-चोरल घाट तीनदा चढण्यासाठी ठेवा. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे चालतात, पण निमाडातल्या शेतरस्त्यांना ३२ चे बरे. मार्च ते जून जाऊ नका, निमाडाचं ऊन वेगळं आहे. पावसाळ्यात घाट टाळा. कुणी थकलाच तर बडवाहहून किंवा सनावदहून इंदूरची बस मिळते, आणि बसवाला तयार झाला तर सायकल टपावर जाते. बसने आलेल्याला कुणी काही बोलायचं नाही, हे आम्ही निघण्यापूर्वी ठरवून ठेवलं होतं.

आता दोघं मागची चकती बदलून घेत आहेत. प्रत्येकाच्या पिशवीत चिमटा आला आहे. पुढच्या रविवारी फक्त घाट आहे, चोरलपासून वर, तीनदा. धाकट्याने सांगून ठेवलंय की तो काकांच्या मागे राहणार.