जुन्या घराचं दगडकाम: रोजनिशीतली काही पानं

सोमवार

सिमेंटचा गिलावा काढायला सुरुवात. मूळ भिंत दगड-चुन्याची, सिमेंट मागाहून फासलेलं. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून वाळत असते. वर सिमेंट बसलं की तिची वाट बंद होते, ती आणखी वर चढते, सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचतात आणि लोणा लागून पापुद्रे सुटतात. अशा भिंतीवर महागडी दगडी पट्टी चिकटवणं म्हणजे ओल झाकून ठेवणं. आधी बाहेरची माती जोत्याखाली उतरवायची, छपराचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, मग भिंत वाळू द्यायची. इंचभर जाडीला महिना हा ढोबळ हिशोब, त्यामुळे इथे घाई चालत नाही.

भिंतीचा चेहरा दगडापेक्षा दरजांवर, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांवर ठरतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सैल चुना छिन्नी-हातोडीनेच काढावा. ग्राइंडरचं पातं दगडाच्या कडा खातं आणि तो सरळसोट काप कायमचा दिसत राहतो. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिमी. धूळ झटकायची, दरज भिजवायची, मग १ भाग हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना आणि ३ भाग वाळू असा माल थरांनी दाबून भरायचा. वाळू जाड-बारीक मिसळीची हवी. नुसत्या बारीक वाळूने माल आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

माल दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवायचा. अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका तो घट्ट झाला की ताठ केसांचा ब्रश त्यावर आपटायचा. वरची चुन्याची साय निघते, वाळूचा कण उघडा पडतो आणि नवी दरज जुन्या भिंतीत मिसळते. रंग वाळूतून येतो, म्हणून दोन-तीन वाळूंचे नमुने कोपऱ्यात भरून, पूर्ण वाळल्यावरच निवड करावी; ओला माल रंगाच्या बाबतीत फसवतो. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवायचं.

बुधवार

वरच्या मजल्यावरच्या दगडी फरशीचं वजन. २० मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ५४ किलो, खालचा ४० मिमी माल आणखी ८० किलो. माणसं आणि सामान यायच्या आधीच १३० च्या पुढे, आणि घरात वापराचा भार धरतात तोच मुळी २०० किलोंच्या आसपास. लाकडी तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये; कुजायला तिथूनच सुरुवात होते. शिवाय दगडाला वाक सोसत नाही. दोन आधारांमधल्या अंतराच्या १/७२० ही मर्यादा, म्हणजे ३.६ मीटरला फक्त ५ मिमी. जमत नसेल तर वर लाकूडच ठेवावं, दगड तळमजल्याला द्यावा.

तळमजल्यावर विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जिना. फरशी ६० मिमीने वर आली की १७० मिमीची पहिली पायरी ११० ची होते. डोळ्यांना ते कळत नाही, पाय मात्र अडखळतो. दारं खालून कापता येतात, पायरी तशी कापता येत नाही. त्यामुळे जुनी फरशी उखडून पातळी मूळचीच ठेवणं बरं.

शुक्रवार

सुटी मांडणी. माल कालवण्याआधी सगळे दगड जमिनीवर पसरायचे आणि पाणी शिंपडायचं, म्हणजे खरा रंग आणि बारीक चिरा दिसतात. मग शिडीवरून बघायचं. शिरा कुठे वाहतात, एखादा गडद तुकडा एकटा पडलाय का? तो भिंतीकडे न ढकलता त्याच्या जातीचे अजून दोन-तीन आसपास पेरावेत. दारातून आत येताना नजर जिथे पडते तिथे अख्खे दगड, काप कपाटाखाली. कडेला अर्ध्याहून कमी पट्टी उरत असेल तर मधली रेषा अर्ध्या दगडाने सरकवायची. क्रमांक कागदी टेपवर लिहायचे. मार्करची शाई संगमरवरात उतरते. काटछाटीसाठी १० ते १५ टक्के जास्त माल धरावा, तोही एकाच लॉटमधला.

फरशीत २ ते ३ मिमी दरज ठेवावीच. कड कडेला भिडवली की उंचीतला जरासा फरकही बोचतो आणि टवके उडतात. भिंतीलगत ६ ते ८ मिमी फट मोकळी, ती स्कर्टिंगखाली जाते. पांढऱ्या दगडाला पांढराच चिकटमाल, कारण करडं सिमेंट आतून डाग देतं. मालाचे पाच ठिपके टाकून फरशी टेकवणारा गवंडी दिसला की काम थांबवावं: खाली पोकळी राहते, पाय पडला की डबडब आवाज येतो आणि जड पाय टेकला की कोपरा उडतो. अधूनमधून ताजा बसवलेला दगड उचलून बघायचा. ९५ टक्के पाठ मालाने माखलेली हवी.

रविवार

झिजलेला उंबरठा टाकायचा नाही. पालथा करून पोटाची बाजू घडवली की नवा होतो. किंवा झीज तशीच ठेवावी, आमचं मत तसंच. त्याच्याशेजारी चकचकीत पॉलिश मात्र विजोड दिसतं, मऊ, बिनचमकीची घोटाई शोभते.

स्वयंपाकाच्या ओट्याला संगमरवर नको. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट लिंबू-व्हिनेगरने खाल्लं जातं आणि मॅट डाग पडतो. सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचं द्रावण) तेलाचा डाग रोखतो, आम्लाची ही झीज रोखत नाही. सीलर लावण्याआधी थेंबभर पाणी टाकावं. पाच-दहा मिनिटांत दगड गडद झाला तर त्याला गरज आहे. वर तवंग धरणारा प्रकार टाळून आत मुरणारा घ्यावा आणि न मुरलेला भाग लगेच पुसावा, नाहीतर चिकट थर बसतो आणि मग तो काढताना पॉलिशही जातं.