कोठवर, प्रभू? दुःखात प्रार्थना कशी करायची

घरात मृत्यू झाला, आजार हटेना, नोकरी गेली, की विश्वासणाऱ्याला हमखास ऐकावं लागतं, "कुरकुर करू नकोस, देवाचे उपकार मान." सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हे वचन आहेच. पण त्याच पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. रडत कसं बोलायचं हेही देवानेच शिकवून ठेवलंय आणि आपण मात्र तो भाग भरभर पुढे ढकलतो.

कुरकुर आणि विलाप यांत फरक आहे. रानात इस्राएल लोकांनी आपापल्या डेऱ्यांत बसून देवाविषयी कुरकुर केली, असं स्तोत्र १०६ सांगतं. विलाप करणारा देवाविषयी बोलत नाही, देवाशी बोलतो. शब्द कधीकधी तेच असतात, तोंड कुणाकडे आहे एवढंच बदललेलं असतं. ज्याच्यावर भरवसाच उरला नाही त्याच्याकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही. म्हणून तक्रारीची प्रार्थना हा अविश्वास आहे, असं मला अजिबात वाटत नाही.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करावी. जेमतेम ६ वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता दावीद चार वेळा "कोठवर?" विचारतो: देवा, तू किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, मी मनात किती काळ झुरायचं, वैऱ्याने किती काळ वरचढ राहायचं. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे, तेही नेमकं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन वचनांत भरवसा येतो.

याच क्रमाने कागदावर लिहा. आधी देवाला हाक. मग तक्रार, मोघम नको. "प्रभू, मी त्रासात आहे" एवढ्याने भागत नाही. "रात्री तीनला जाग येते आणि तू जवळ आहेस असं जाणवत नाही" असं लिहा. मग एकच मागणं, आजच्यापुरतं. शेवटी देवाने पूर्वी केलेलं एक काम. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. लिहून झालं की मोठ्याने वाचा. मनातल्या मनात केलेली प्रार्थना दुःखाच्या दिवसांत फार लवकर नुसत्या काळजीत बदलते, आवाजाने ती धरून ठेवता येते.

चूक होते ती इथे: लोक तक्रार एका ओळीत उरकतात आणि थेट भरवशावर उडी मारतात. मग शब्द भरवशाचे आणि आत राग तसाच, आणि काही आठवड्यांत प्रार्थनाच बंद पडते. शेवटचा भाग आज मनापासून येत नसेल तर लिहू नका. स्तोत्र ८८ त्यासाठीच आहे. त्यात भरवशाकडे वळणारं "पण" येतच नाही, ते अंधारातच संपतं. तरीही त्याची सुरुवात "माझ्या उद्धाराच्या देवा" अशी आहे आणि तेवढ्या एका हाकेवर सगळं स्तोत्र उभं आहे.

बायबलमधलं विलापगीत हे पुस्तकही असंच वाचावं. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे आपलं आवडतं वचन तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या बरोबर मधोमध येतं. त्याच्यानंतर आणखी दोन अध्याय रडणं आहे. आशा सापडल्यावरही अश्रू येतात, आणि त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल क्रम देतो: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा साखळीच्या शेवटी आहे. पहिल्याच आठवड्यात ती हाताला लागली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पौलाने स्वतः शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं नंतर झालं. झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. प्रार्थना त्याच्यासोबत चालते, त्याच्याऐवजी नाही.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर रोमकरांस ८:२८ घेऊन जाऊ नका. सगळ्या गोष्टी मिळून कल्याण साधतात, असं तिथे आहे. घडलेली गोष्ट चांगली आहे, असं नाही. त्याच्या दोनच वचनं आधी आत्म्याच्या कण्हण्याबद्दल लिहिलंय, ते आधी वाचा. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. शेजारी बसा, विचारून स्तोत्र १३ हळू आवाजात वाचा, आणि पुढच्या आठवड्यात परत या.