"मलाही कळणार नाही"

"म्हणजे मला दोन वर्षं नुसतं पाणी टोचलं तरी कळणार नाही?" औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रावर सही करताना काकांनी विचारलं. सहीतलं पहिलं अक्षर ठसठशीत, शेवटचं मुंगीएवढं. पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात अक्षर असंच बारीक होत जातं.

डॉक्टर म्हणाले, "मलाही कळणार नाही."

ते उत्तर डोक्यातून जाईना. रात्री मी वाचत बसले. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषधाऐवजी नुसतं सलाइन टोचलं, तर स्कॅनमध्ये मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, खरोखर स्रवलेलं दिसलं. नुसत्या आशेनं! मग खऱ्या औषधाचा गुण ओळखायचा कसा? म्हणूनच कुणाला काय टोचलं ते रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही.

मधुमेहावरच्या एक्सेनाटाइड या औषधाचंच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये लंडनच्या एका छोट्या चाचणीनं ते पार्किन्सन्सवर चालेल अशी केवढी आशा लावली होती. पुढे ब्रिटनमध्ये १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी चाचणी झाली. दर आठवड्याला सुई. कुणाला औषध, कुणाला औषध नसलेली तशीच सुई. २०२५ मध्ये निकाल आला: आजाराच्या वाढीत काही फरक नाही.

त्या माणसांचे कष्ट वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. पण निकाल काहीही लागो, तो त्यांना समोर बसवून सांगायलाच हवा.

तुमच्या घरी कुणी अशा चाचणीत होतं का? त्यांना निकाल कुणी सांगितला?