पॅरिसच्या गल्लीतली ‘त्रादिसियाँ’

पॅरिसमध्ये सहा दिवस होतो. परत आल्यावर सगळे आयफेल टॉवरबद्दल विचारतात आणि मी पावाबद्दल बोलत सुटते.

खोली बाराव्या विभागात, आलिग्रच्या मंडईजवळ घेतली होती. कोपऱ्यावर छोटी बेकरी. पहिल्या सकाळी काचेपलीकडच्या लांबुळक्या पावाकडे बोट दाखवून ‘बागेत’ (आपण बॅगेट म्हणतो तो पाव) म्हटलं. मिळाला तो ठीकच होता, आतून पांढरा, कापसासारखा. माझ्या मागच्या आजीबाईंनी मात्र ‘युन त्रादिसियाँ’, म्हणजे एक पारंपरिक पद्धतीची बागेत, मागितली आणि त्यांना वेगळाच पाव मिळाला. दुसऱ्या दिवशी मीही तीच मागितली.

दोन्ही टोकं निमुळती, वर पिठाची भुकटी, चीर दिलेल्या जागी कड उचलून करपायच्या बेतात आलेली. टोक मोडलं तर पापुद्रे कोटावर उडाले. आतला गर सायीच्या रंगाचा, ओलसर, आंबोळीसारखी जाळी पडलेला, वास किंचित आंबूस. खोलीवर पोचेपर्यंत चौथा हिस्सा संपला होता. लाजायचं कारण नाही, रस्त्याने टोक मोडून खाणारे तिथलेही बरेच दिसतात.

हा फरक नुसता नावाचा नाही. 1993च्या सरकारी हुकमानुसार ‘त्रादिसियाँ’ म्हणून विकायच्या पावात टिकाऊपणाची रसायनं चालत नाहीत आणि तो कुठल्याही टप्प्यावर गोठवलेला चालत नाही. मूळ जिन्नस म्हणजे गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. चांगले बेकर पीठ निवांत आंबू देतात, चव तिथेच येते. दुकानावर ‘बूलाँझेरी’ (म्हणजे बेकरी) अशी पाटी लावायची तर पाव तिथेच मळून तिथेच भाजावा लागतो, हाही कायदाच. पाटीवर हा शब्द नसेल तर मी तरी पुढे जाईन.

आत शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, मग मागणी. न म्हणता थेट पाव मागितला की समोरचा चेहरा आक्रसतो, अनुभव घेतलाय. खरपूस हवा तर ‘बियाँ क्वीत’, कमी भाजलेला हवा तर ‘पा त्रो क्वीत’. दोघांना एक जड जात असेल तर ‘युन दमी’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी अर्धा कापून देतात. आम्हाला पूर्ण पाव 1.30 युरोला पडला. या पावात अंडं किंवा दूध नसतं, ब्रिऑश नावाच्या मऊ, गोडसर पावात मात्र अंडं असतं, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. प्रत्येक बेकरीची आठवड्याची सुट्टी वेगळी, दारावर लिहिलेली असते. ऑगस्टमध्ये तर कित्येक बेकऱ्या काही आठवडे बंदच. त्यामुळे जवळची दुसरी बेकरी आधीच हेरून ठेवा.

एक चूक आमची. उरलेला पाव नवऱ्याने पोळ्यांसारखा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला. सकाळी चामड्याची वादी! कागदातच ठेवा, आणि त्याच दिवशी संपवा. उरलाच तर पाण्याचा हबका मारून गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं, बराचसा जिवंत होतो.

घरी आणायच्या भानगडीत पडू नका. आम्ही एक आणला, मुलुंडला पोचेपर्यंत त्याचं लाकूड झालं होतं. सासूबाईंनी पाण्यात भिजवून, कुस्करून, कांदा-मिरची घालून फोडणीचा पाव केला. चांगला झाला होता.